मागच्या पायरीवरचा प्राणायाम

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडण अर्धवट टाकून चहा करायला उठायचात. "तू बोल, मी ऐकतोय," असं स्वयंपाकघरातून म्हणायचात आणि आलं ठेचायला घ्यायचात, म्हणजे माझं बोलणं ऐकू येऊ नये. आता उठून जायची सोय नाही. आता शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

लोक अजून येतायत. मराठी मंडळातल्या बायका डबे आणतात, सोफ्यावर टेकतात आणि तुमचे गुण गातात. किती शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, रोज पहाटे उठून प्राणायाम. आणि अशा माणसाला फुप्फुसांनीच दगा द्यावा, असं म्हणून डोळे पुसतात. पहिल्या आठवड्यात मीही हेच म्हणत होते. आता प्राणायाम हा शब्द कानावर पडला की उठून आत जावंसं वाटतं, आणि का ते त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला ते माझ्या आधी माहीत होतं.

हे घर आपण घेतलं तेव्हा दलालीणबाईंनी ते रविवारी दाखवलं होतं. वारा खाडीकडे वाहत होता, आकाश स्वच्छ होतं, रांगेतली लाकडी घरं एकमेकांना खेटून उन्हात बसली होती. मागे टर्नपाइकचा हायवे आणि त्याच्या पलीकडे तुमच्या कारखान्याच्या टाक्या आणि चिमण्या. तुम्ही म्हणालात, "बघ, चालत कामाला जाईन." सोमवारी पहाटे जाग आली ती वासाने. गोडसर, घशाला चिकटणारा वास, कुणीतरी उशाशी नेलपॉलिशची बाटली उपडी केल्यासारखा. मी खडबडून उठले. तुम्ही नाक वर करून दोनदा हुंगलंत आणि म्हणालात, "रेझिनचा वास आहे. आमचाच." हे इतक्या कौतुकाने म्हणालात की मी कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. माझ्या पांढऱ्या चादरी दोरीवर वाळत घातल्या की पिवळट होऊन यायच्या. गाडीच्या काचेवर सकाळी एक चिकट साय असायची, बोटाने नाव लिहिता येईल अशी. मी म्हणायचे, दुसरीकडे घर बघू, जर्सी सिटीला जाऊ, मंडळातले सगळे जिकडे राहतात तिकडे जाऊ. तुमचं उत्तर ठरलेलं होतं: "मी चेंबूरला लहानाचा मोठा झालो. तिथे काय अत्तराचे फवारे होते? मला काय झालं?" मग हवेच्या मापांचा विषय. नगरपालिकेच्या छपरावर हवा मोजणारं यंत्र आहे, रोजचा आकडा येतो, आकडा मर्यादेच्या आत आहे. तुमच्यासाठी आकडा म्हणजे देवाचा शब्द होता. लग्नाआधी कुंडली न बघणारा माणूस त्या यंत्रावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

आणि रोज पहाटे मागच्या पायरीवर. चेंबूरच्या गॅलरीत वडिलांच्या शेजारी बसून शिकलात, तसंच इथे. मी म्हणायचे, बैठकीच्या खोलीत गालिचा आहे, हीटर आहे, तिथे करा. तुम्ही म्हणायचात, "घरातली हवा उष्टी असते. रात्रभर आपणच सोडलेली. प्राणायाम उष्ट्या हवेत करायचा नसतो." म्हणून थंडीत माकडटोपी, दोन स्वेटर, वरून माझी जुनी शाल, अशा अवतारात पायरीवर चटई टाकून तुम्ही छातीचा भाता करायचात. शेजारच्या डोलोरेसने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कुंपणाशी येऊन मला हळूच विचारून गेली, तुझ्या नवऱ्याला घरात घेत नाहीस का. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तेव्हा किती हसलात. तुमचं ते हसणं खोकल्याशिवायचं होतं. मला ते नीट आठवतं म्हणून देवाचे आभार मानते.

मग भोपाळ झालं. टीव्हीवर ती माणसं, ती रस्त्यावर आडवी झालेली जनावरं, डोळ्यांवर फडकी बांधून रांगेत बसलेल्या बायका. तुम्ही चहाचा कप हातात धरून बसलात तो तसाच गार झाला. "तिथला गॅस वेगळा, आमच्या मालाशी त्याचा काही संबंध नाही," असं कुणी न विचारता म्हणालात. पण गावाने विचारलं. कधी नव्हे ते लोक चर्चच्या तळघरात जमायला लागले, आमच्या डोक्यावर हे काय ठेवलंय म्हणून. कारखान्याचे मोठे साहेब सगळे लांब राहणारे, हिरवळीवर. त्यांनी तुम्हाला बोलावलं. या गावात राहणारे तुम्ही एकटे, आणि त्यात हिंदुस्थानी. सभेत तुम्हीच बोला.

जाताना गाडीत मी म्हटलं होतं, "त्यांना तुमचं डोकं नकोय, तुमचा चेहरा हवाय." तुम्ही दुखावलात. म्हणालात, "मी जे खरं आहे तेच सांगणार." आणि तुम्ही खरंच तसं सांगितलंत, हे मला आजही मान्य आहे. आकडे सांगितलेत, यंत्र सांगितलंत. लोक जांभया देत होते. मागून कुणीतरी ओरडलं, तुझ्या पोरांना इथे वाढवशील का. तेव्हा तुम्ही कागद खाली ठेवलात. म्हणालात, माझी मुलगी इथेच वाढली. मी तुमच्यातच राहतो. मी रोज पहाटे घराबाहेर बसतो आणि माणसाला घेता येईल तेवढा खोल श्वास घेतो. तुम्ही कुणीही येऊन पाहा. हवा वाईट असती तर मी असं केलं असतं का?

तळघरात टाळ्या पडल्या. बोलायला लाजणारा माझा नवरा स्टेजवर उभा होता, टायची गाठ वाकडी, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला रडू येत होतं, अभिमानाने. साहेबाने येऊन तुमचा हात दोन्ही हातांत धरला.

लोक खरंच पाहायला आले. आधी डोलोरेस, तिची मुलगी मारिसोल हिला घेऊन. मारिसोलला दमा. तिच्या छातीतली शिट्टी मला कुंपणाच्या अलीकडून ऐकू यायची. डोलोरेस म्हणाली, "मिस्टर पी, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत तो श्वास माझ्या मुलीला शिकवा. तिची छाती मजबूत होईल." मग कोपऱ्यावरचा म्हातारा विधुर आला, मग त्याची बहीण. वसंत आला आणि आपल्या मागच्या अंगणात चक्क वर्ग भरायला लागला. तुम्ही पायरीवर, बाकीचे गवतावर चटया टाकून. "नाकाने, नाकाने, तोंड बंद," तुमचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मारिसोल एक नाकपुडी दाबून इतका गंभीर चेहरा करायची आणि मध्येच एक डोळा उघडून तुम्ही बघताय ना ते बघायची. मग सगळ्यांना माझा आल्याचा चहा. अनघा कॉलेजातून सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, यू आर लाइक अ गुरू ऑर समथिंग." तुम्ही लाजलात. इतक्या वर्षांत या गावात आपल्याला कुणी घरी बोलावलं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात गावच आपल्या अंगणात येऊन बसलं होतं. तो उन्हाळा तुम्ही मला दिलात. तो मी परत करणार नाही, काहीही झालं तरी.

मग पानं गळायला लागली आणि एका सकाळी तुम्ही वर्ग बंद केलात. नुसता बंद केला नाहीत. डोलोरेस चटई घेऊन फाटकाशी आली तेव्हा दारातूनच म्हणालात, "नो मोर क्लास." ती म्हणाली, थंडीचं म्हणत असाल तर आम्ही कोट घालून बसू. तुम्ही म्हणालात, "नो. प्लीज डोंट कम." आणि तिच्या तोंडावर दार लावलंत. ती मुलगी तिच्या शेजारी उभी होती. चुकून लागलेल्या फोनवरही थँक यू म्हणणारा माणूस तुम्ही. मी मागे लागले, "अहो, असं कोण बोलतं? काय केलं तिने?" तुम्ही आलं ठेचायला घेतलंत. मी म्हटलं, गुरुपण डोक्यात गेलं वाटतं. तेही ऐकून घेतलंत. दुसऱ्या पहाटे तुम्ही पुन्हा पायरीवर होतात, एकटे.

डोलोरेस काही दिवस कुंपणाशी यायची बंद झाली. मग आली, कारण ती मनात धरून ठेवणारी बाई नाही. पण तुम्ही दिसलात की ती आत जायची. तुम्ही तिच्या घराकडे बघायचं टाळायचात. मी याला तुमचा अहंकार समजत होते. दोन वर्षं मी हेच समजत होते.

खोकला त्याच हिवाळ्यात सुरू झाला. तुम्ही म्हणालात कोरडी हवा. वसंतात म्हणालात झाडांचे पराग. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं गणपतीचं चित्र निरखायला लागलात, जणू ते कालच टांगलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट? नाही. कधीच? कधीच नाही. घरात पक्षी पाळता का, उदबत्त्या लावता का. मग मी मोठ्या हौसेने सांगितलं, हे रोज प्राणायाम करतात, बाहेर, मोकळ्या हवेत. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, उत्तम, तो सोडू नका. तुम्ही खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत बसलात. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत, एवढं ते सांगू शकत होते. कशामुळे, ते सांगता येत नाही म्हणाले. अनेक कारणं असू शकतात. अजूनही तेच म्हणतात.

नाकात ऑक्सिजनची नळी असतानाही तुम्हाला पायरीवर जायचं होतं. मी रागावले, "आत बसा, मरायचंय का?" तुम्ही म्हणालात, "बाहेरच." हट्टी मुलासारखं. मी खुर्ची नेऊन ठेवायचे आणि दारात उभी राहायचे. एका संध्याकाळी माझा हात धरून म्हणालात, "डोलोरेसला सांग," आणि खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर मी विचारलं, काय सांगू? तुम्ही माझा हात सोडलात. म्हणालात, "काही नाही. मुलगी कशी आहे विचार." मी विचारलं. तशीच आहे म्हणाली.

तुमच्या अंत्यसंस्कारानंतर डोलोरेस मला मिठी मारून रडली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मी त्यांना दुखावण्यासारखं काय केलं होतं, तेवढं मला सांग."

मग गेल्या शनिवारी देशमुख आला. तुमच्याच कारखान्यातला, नागपूरचा, रात्रपाळीवर असतो, गणपतीला आरती खणखणीत म्हणतो तो. अनघाही घरी होती. देशमुख खुर्चीच्या कडेवर बसला. चहा घेईना. मग म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं होतं. सर असताना सांगता आलं नाही."

"सांगा ना."

"सरांनी मला एकदा पार्किंग लॉटमध्ये थांबवलं होतं. दोन वर्षं झाली, ऑक्टोबरअखेर, हॅलोवीनच्या सुमारास. विचारलं, पहाटे तुमच्या शिफ्टला काय सोडता? मी म्हटलं सर, टँक वॉश करतो ना, त्याच्या आधी आतली व्हेपर, म्हणजे रसायनाची वाफ, चिमणीतून वर सोडून देतो. सगळ्यांना माहितेय. सर डे शिफ्टचे, त्यांच्या लॅबला फक्त तयार माल जायचा, त्यांना कसं कळणार."

"पहाटेच का?" हे मी विचारलं.

"सरांनीही हेच विचारलं, वहिनी. मी म्हटलं, गाव झोपलेलं असतं. लोक उठेपर्यंत वास बराचसा निघून जातो. आणि दिवसभराचं ॲव्हरेज काढलं की नंबर बरोबर बसतो."

"मग हे काय म्हणाले?"

"चष्मा काढून पुसत राहिले. नंतर मॅनेजरकडे गेले होते, एवढं मला माहितेय. मॅनेजर म्हणाला, तुम्हीच तर स्टेजवरून सगळ्यांना सांगितलंत, आता काय सांगणार? सर परत आले आणि मला म्हणाले, देशमुख, तू यात पडू नकोस, तुझं ग्रीन कार्ड व्हायचंय." देशमुखने कप बाजूला सारला. "मी पडलो नाही, वहिनी."

तो गेल्यावर अनघा भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "सो, बाबांना माहीत होतं." मी म्हटलं, त्यांनी वर्ग बंद केला बघ, त्या मुलीला त्यांनी वाचवलं. ती म्हणाली, "आई, माहीत असूनही ही जस्ट सॅट देअर." मग खोलीत जाऊन तिने बॅग भरली. मी तिला स्टेशनवर सोडून आले.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडतेय. तुम्ही का बसत राहिलात? उठून आत आलात तर लोक विचारतील, मिस्टर पी आता बाहेर का बसत नाहीत, म्हणून? दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून? की स्वतःला शिक्षा करून घेत होतात? शिक्षाच घ्यायची होती तर तोंड उघडायचं होतं. चर्चचं तळघर तिथेच होतं, माणसं तीच होती. तुम्ही पायरीवर बसून आपली छाती जाळलीत आणि त्याचा कुणालाच काडीचा उपयोग झाला नाही. मला निदान सांगायचंत. मी भांडले असते, आरडाओरडा केला असता, पण मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल तुम्हाला एवढंही कळलं नाही, याचं मला तुमच्या जाण्याइतकंच दुःख आहे.

कारखान्याने मोठा पुष्पहार पाठवला होता. चिमण्या चालू आहेत. आज पहाटेही वास होता. घर विकावं म्हणून मी त्याच दलालीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, रविवारी दाखवू. मी फोन ठेवला. कुणाला दाखवायचं? देशमुख कुठे बोलणार नाही, आणि बोलला तरी डॉक्टर म्हणतील अनेक कारणं असू शकतात. मला यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही. फक्त डोलोरेसने मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर आता माझ्याकडे होतं, म्हणून काल दुपारी मी तिच्याकडे गेले.

तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. टाक्या, पहाट, वाफ, तुमचा मॅनेजर. म्हटलं, तुझी काही चूक नव्हती. त्यांना कळल्याबरोबर त्यांनी तुमच्या तोंडावर दार लावलं, मारिसोलला आत पाठवायला. डोलोरेसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग माझा हात धरला. "भला माणूस," असं दोनतीनदा म्हणाली. माझ्या छातीवरचा दगड जरा हलला. मला वाटलं, चला, एका माणसाशी तरी तुमचा हिशेब मिटला.

मी जायला उठले, तर ती उठली नाही. टेबलाकडे बघत होती. मागच्या खोलीत मारिसोल खोकत होती.

"त्यानंतर दोन उन्हाळे गेले," डोलोरेस म्हणाली. "आमच्याकडे एसी नाही. मारिसोलला उकाड्यात श्वास लागतो, म्हणून मी तिचा पलंग खिडकीला लावून ठेवला. रात्रभर खिडकी उघडी. पहाटे गार हवा येते म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आमच्या अंगणात येऊ नका, हे त्यांनी सांगितलं. खिडकी लावून घे, एवढं का नाही सांगितलं?"

मी काहीतरी पुटपुटले. त्यांना ते लक्षात आलं नसेल, असं काहीतरी.

आज सकाळी मी तुमच्या जागी जाऊन बसले. पायरीवरून ती खिडकी अगदी समोर येते. पलंगाची कड दिसते, तिची उशी दिसते, खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला इनहेलरसुद्धा दिसतो. तुम्ही दोन उन्हाळे रोज इथे बसत होतात. डोलोरेस आज कुंपणाशी येऊन पुन्हा तेच विचारेल. मी तिला काय सांगू?